वाचलेली चार बोटं

गाडीच्या इंजिनाखाली तेल साठवणारा जो डबा असतो त्याला आमच्या धंद्यात चेंबर म्हणतात. पुस्तकात त्याचं नाव वेगळं असेल, पण बारामतीत इंदापूर रस्त्यावर उभं राहून कुणालाही विचारा, "चेंबर फुटलंय, कुठं जाऊ?" तो माझ्याच दुकानाकडे बोट दाखवेल. फुटकी चेंबरं सांधण्यात माझा जन्म गेला. लोक मला चेंबरवाले नाना म्हणतात. एका लग्नपत्रिकेवर तर तसंच नाव घालून आलं होतं आणि आमच्या मंडळींनी ती पत्रिका कितीतरी दिवस येईल-जाईल त्याला दाखवली.

या धंद्यात मला दोन भागीदार लाभले, एक अॅल्युमिनियम आणि दुसरा गतिरोधक. पूर्वीच्या गाड्यांची चेंबरं पत्र्याची असत. दगड लागला की पोचा पडायचा आणि गाडी आपली पुढं चालायची. मग ओतीव अॅल्युमिनियमची चेंबरं आली. हलकी, देखणी आणि ठोकर बसली की सरळ तडकणारी. अॅल्युमिनियम सांधायला अर्गन गॅसचं वेल्डिंग लागतं, ते आमच्या भागात तेव्हा फारसं कुणाला जमत नव्हतं. मला जमलं आणि माझं बस्तान बसलं.

दुसऱ्या भागीदाराचं काय सांगावं! आमच्याकडे सरकारपेक्षा लोकच गतिरोधक जास्त बांधतात. ज्याच्या दारावरून रस्ता जातो तो आपल्या मनाला येईल त्या उंचीचा घालतो. कुणाचा पसरट, कुणाचा बैलाच्या वशिंडासारखा. वर रंग नाही, अलीकडं पाटी नाही. पुण्याहून नवी कोरी गाडी घेऊन सासरवाडीला निघालेला जावई त्यावर चढतो, खालून खर्रकन आवाज येतो, मागं रस्त्यावर काळी रेघ उमटत जाते आणि त्या रेघेच्या शेवटी घाम पुसत उभा असलेला जावई सापडतो. त्याची समजूत काढायचं काम सासऱ्याचं, बाकीचं माझं.

एकदा तर साक्षात नवरदेवच दुकानात आला. वऱ्हाड इंदापूरकडं निघालेलं, वाटेत चेंबर फुटलं. कुणीतरी शहाण्यानं ड्रायव्हरला सांगितलं, भोकात साबण कोंब. साबण गार तेलाला थोडा वेळ थोपवतो, पण तेल तापलं की तोही वितळून चालू लागतो. गाडी माझ्या दारात आली तेव्हा तिला चंदनाचा घमघमाट सुटला होता. मी म्हटलं, दुसरी गाडी करा, मुहूर्त गाठा. नवरदेवाचा मामा ऐकेना. "न्हाय नाना, फुलं हिलाच लावल्यात. हिच्यातनंच जायचं." मग काय, मी गाडीखाली, नवरदेव फेटा सांभाळत जुन्या टायरवर बसलेला, आणि करवल्या माझ्या दुकानातल्या आरशात केस सारखे करताहेत. गोरज मुहूर्त हुकलाच. त्याला आता दोन मुलं आहेत, त्या अर्थी फारसं काही बिघडलं नसावं.

पण मला सांगायचंय ते एका न फुटलेल्या चेंबराबद्दल.

माझ्याकडे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक पाठवणारा गतिरोधक पणदऱ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर होता. फुटलेली गाडी आली की मी विचारायचो, "कुठं लागली?" अर्ध्या वेळा उत्तर एकच, "तात्यांच्या गतिरोधकावर." हे तात्या कोण, मी पाहिलेले नव्हते, पण त्यांचे माझ्यावर उपकार फार. दिवाळीला त्यांच्या घरी फराळाचा डबा पोचवावा असं आमच्या घरातून दरवर्षी सुचवलं जायचं.

तर एक दिवस या तात्यांचा मुलगाच दुकानात आला. दत्ता त्याचं नाव. चाळिशीचा, शेडनेटमध्ये ढोबळी मिरची पिकवणारा. उजवा पाय किंचित ओढत चालायचा.

"नाना, चेंबर पायजे," तो म्हणाला.

"फुटलं कुठं?"

"फुटलेलं न्हाय. चांगलं हाय."

"मग?"

"चांगलं हाय, पर खोल हाय. मला उथळ पायजे."

मी चष्मा वर केला. इतक्या वर्षांत चांगलं चेंबर बदलायला आलेला हा पहिलाच माणूस. बरं, त्याच्यासोबत गाडीही दिसेना. म्हणाला, गाडी शेडमध्ये आहे, तुम्हीच चला.

माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर त्यानं एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली होती आणि कितीतरी वर्षं मिरची उतरवून झाली की संध्याकाळी तिथं येऊन तो दार लावून घेऊन एक गाडी बांधत होता. स्पोर्ट्स कार. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, पुढून चपटी. पाइपांचा सांगाडा त्यानं स्वतः जोडलेला. इंजिन एका अपघातात सापडलेल्या गाडीचं. वरचं फायबरचं अंग इंदापूरकडच्या एका माणसानं करून दिलेलं. तो माणूस एरवी उजनीच्या पाण्यात मासे धरणाऱ्यांसाठी फायबरच्या होड्या करतो. त्यामुळे गाडीच्या नाकात होडीचा थोडा भास होता. मी तसं म्हणताच दत्ता खूश झाला. "तात्या तर घोरपड म्हनत्यात," तो म्हणाला.

आता हे उथळ चेंबर कशाला लागतं ते सांगतो. ज्यांना गाड्यांचा कंटाळा आहे त्यांनी एवढा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मी तुमच्या जागी असतो तर सोडला नसता.

साध्या गाडीत इंजिनातून फिरून आलेलं तेल खालच्या चेंबरात साठतं. तिथून पंप ते नळीनं ओढतो आणि पुन्हा वर पाठवतो. आता परातीत पाणी घेऊन चालायला लागा आणि एकदम वळा. पाणी एका कडेला चढतं, मधला भाग उघडा पडतो. जोरात वळणाऱ्या गाडीत तेलाचं तेच होतं. नळीचं तोंड उघडं पडतं, पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि आतली बेरिंगं कोरडी पडतात. इंजिन संपायला तेवढं पुरतं. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना ड्राय संप नावाची सोय करतात. त्यात चेंबरात तेल साठूच देत नाहीत. खाली पडलं रे पडलं की एक पंप ते ओढून बाजूच्या उंच टाकीत टाकतो आणि टाकीतून दुसरा पंप इंजिनाला पाजतो. गाडी कशीही वळली तरी उंच टाकीच्या तळाशी तेल असतंच. आणि चेंबरात काही साठवायचं नसल्यानं ते उथळ करता येतं. जिथं सात बोटं खोलीचं लागायचं तिथं तीन बोटांत भागतं. म्हणजे चार बोटं वाचतात.

या चार बोटांवरून माझं आणि दत्ताचं जे वाजलं ते बरेच दिवस वाजत होतं.

आधी चेंबर कुठलं घ्यायचं हा प्रश्न. दत्तानं मोबाइलवर एक परदेशी चेंबर शोधून ठेवलं होतं. काय त्याची चकाकी! देवघरात ठेवावं असं. पण ते दुसऱ्याच इंजिनाचं, बोल्टची भोकं जुळत नव्हती. शर्यतीच्या गाड्यांचं काम करणाऱ्या एका ठिकाणाहून दुसरं करून मिळत होतं. त्यांचं काम चोख, पण तेल ओढायच्या नळ्या ज्या बाजूला निघणार होत्या त्याच बाजूला दत्तानं सायलेन्सरचा पाइप नेला होता. तापलेल्या पाइपाशेजारी तेलाची नळी म्हणजे चुलीशेजारी रॉकेलचा डबा. तिसरा मार्ग म्हणजे इथंच करायचं.

"पत्र्याचं करू," मी म्हटलं. "ठोकर बसली तर पोचा पडेल, फुटणार नाही."

"जड हुतंय. अॅल्युमिनियमचंच करा."

"अरे, अॅल्युमिनियमवर माझं घर चाललंय, म्हणून तर सांगतो, घेऊ नकोस."

"मग तुमीच करनार, तुमीच सांधनार. चिंता कसली?"

माणूस गोड बोलून आपलंच खरं करणारा होता. अॅल्युमिनियमचं ठरलं. तळाला जाड पत्रा, तेल तीन ठिकाणांहून ओढायचं, नळ्या डाव्या अंगानं काढायच्या, आत एक जाळी, म्हणजे वर गरगरणारा इंजिनाचा दांडा खालचं तेल घुसळत बसणार नाही. इथवर एकमत झालं. मग आली वाचलेली चार बोटं.

दत्ताचं म्हणणं, चेंबर चार बोटं उथळ झालं ना, मग अख्खं इंजिन चार बोटं खाली बसवू. वजन जितकं खाली तितकी गाडी वळणावर रस्ता धरून राहते. चूक नव्हतं ते. शर्यतीवाले ड्राय संप घेतात ते निम्मं यासाठीच. माझं म्हणणं, इंजिन आहे तिथं राहू दे, चारही बोटं रस्त्याला देऊ. म्हणजे चेंबर आणि रस्ता यांच्यात तेवढी जागा राहील. मी जन्मभर चेंबराकडे खालून पाहिलेलं. मला वळण दिसतच नव्हतं, गतिरोधकच दिसत होता.

"नाना, तुमी गाडी बांधाय निघालाय का बैलगाडी?" तो मला विचारायचा.

"आणि तू गाडी बांधतोयस का सतरंजी?" मी म्हणायचो.

एका संध्याकाळी मात्र चहा पिता पिता त्यानं चेष्टा सोडली. कपाकडं बघत म्हणाला, "नाना, गाडी वस्तीवर गेली पायजे पर. त्येवडं बगा."

मग हळूहळू निघालं. तात्यांनी त्या शेडमध्ये एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. तरुणपणी ते कारखान्यावर उसाचे ट्रक चालवायचे, गाडीचा नाद त्यांनाच आधी. पण पोरानं हे काम काढल्यापासून त्यांनी तोंड फिरवलेलं. गाव हसतं याचा राग असेल, नाहीतर मिरचीवरचं लक्ष उडेल ही भीती असेल. फार मागं लागल्यावर एवढंच म्हणाले होते की, गाडी स्वतःच्या चाकावर वस्तीवर आण, मग बसतो. टेम्पोत घालून आणलीस तर बघणारही नाही.

"आईला दावायची ऱ्हाऊन गेली," दत्ता म्हणाला. "तात्या तरी बसाय पायजेत."

त्यानंतर मी सतरंजीची चेष्टा केली नाही. म्हणजे त्या दिवशी तरी केली नाही.

वस्तीवर जायचं म्हणजे तात्यांचा तो प्रसिद्ध गतिरोधक ओलांडायचा. मी ठरवलं, वाद पुरे, माप घेऊ. जितकी बोटं गतिरोधक मागेल तितकी रस्त्याला, उरलेली इंजिनाला. मऊ अॅल्युमिनियमची एक लांब पट्टी घेतली आणि दोघं वस्तीवर गेलो.

मी रस्त्यावर ओणवा होऊन ती पट्टी गतिरोधकावर दाबून बसवत होतो. अशी बसवली की तिला त्याचा हुबेहूब आकार येतो. एवढ्यात मागून काठीचा आवाज आला. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, गुडघ्यात वाकलेले पाय.

"कोन खात्याचे तुमी?" तात्यांनी विचारलं. "ह्यो गतिरोधक काडायचा न्हाय. आदीच सांगतो."

"खात्याचा नाही तात्या, मी चेंबरवाला नाना."

त्यांचा चेहरा उजळला. "तुमीच व्हय! लई माणसं धाडली बगा तुमच्याकडं."

"आठवतंय की. दरवर्षी फराळ पाठवायचं राहून जातं."

"मग माप कशाला घेताय?"

"असाच दुसरा करायचाय. लाकडाचा. तुमच्या घोरपडीला चढायची सवय लावायला."

गाडीचा विषय निघताच ते दत्ताकडं न बघता माझ्याशी बोलायला लागले. गतिरोधक त्यांनी स्वतःच्या हातानं बांधला होता. दत्ता लहान असताना याच जागी एका दुधाच्या गाडीनं त्याला उडवलं होतं. पायाचं हाड मोडलं, महिनोन्‌महिने पोरगं खाटेवर. "दवाखान्यातनं आनला, खाटंवर निजवला, आन आदी सिमेंट कालवलं," तात्या म्हणाले. पावसानं खचला की ते दरवर्षी डागडुजी करत. त्यावर हात फिरवून त्यांनी मला विचारलं, "एकसारका हाय ना वो दोनी अंगानं?" पट्टी बघून मी म्हटलं, सुताला सूत आहे. खरंच होता. चेंबरांच्या जिवावर उठलेल्या आणि माझं घर चालवणाऱ्या त्या उंचवट्याकडं मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

आम्ही निघालो तेव्हा तात्यांनी दत्ताला एकच प्रश्न केला. इतक्या वर्षांत गाडीबद्दलचा पहिला.

"किती जोरात पळती रं?"

दत्ताचा चेहरा असा फुलला की सांगता सोय नाही. बापानं विचारलं! पोरगं सुटलंच. "तात्या, इमान हाय इमान! हायवेला सोडली तर म्होरल्याला कळायच्या आत नदरंआड. एवड्या जोरात आपल्या भागात कोनचीच गाडी पळत न्हाय."

तात्यांनी "आसं व्हय" म्हटलं आणि काठी टेकत ते घराकडं वळले. परत येताना दत्ता वाटभर शिट्टी वाजवत होता.

पट्टीवरून मी प्लायवूडचा गतिरोधक कापला. हिशोब निघाला तो दोघांचीही तोंडं बंद करणारा. दोन बोटं रस्त्याला द्यावी लागत होती, दोन इंजिनाला मिळत होती. दत्तानं हुज्जत न घालता मान्य केलं. मीही केलं, जरा कुरकुरत.

चेंबर करताना एकाच ठिकाणी जीव टांगणीला लागला होता. चेंबराची वरची कड इंजिनाला चिकटून बसावी लागते. वेल्डिंगच्या उष्णतेनं ती वेडीवाकडी झाली की तेल झिरपायला सुरुवात, मग कितीही बोल्ट आवळा. म्हणून मी भंगारातून त्याच जातीच्या इंजिनाचा मेलेला ब्लॉक, म्हणजे नुसतं धड, आणला, चेंबराची कड त्याला बोल्टनं जखडली आणि तशीच बांधून ठेवून थोडं थोडं वेल्डिंग केलं. मध्ये मध्ये गार होऊ द्यायचं, घाई करायची नाही. सोडवलं तेव्हा काचेवर ठेवून पाहिलं, कुठंही फट नाही. फुटकं सांधणं वेगळं आणि कोरं घडवणं वेगळं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मोडक्या कामाला ठिगळं लावली, माझं असं हे पहिलंच. मी ते घरी नेऊन मंडळींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे, यात बाकरवडी मावेल." त्यांचं कौतुक हे असंच असतं.

शेडमध्ये गाडी प्लायवूडवरून ढकलून पाहिली. चेंबर अलगद पलीकडं गेलं. दत्तानं मला मिठी मारली आणि त्याच्या शर्टाचं तेल माझ्या शर्टाला लागलं.

दसऱ्याला गाडी घरी न्यायची ठरलं. आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टरपासून सायकलीपर्यंत सगळ्याला झेंडूची माळ पडते. दत्ताच्या गाडीलाही पडली. माळ लोंबून रस्त्याला लागायला लागली म्हणून ती निम्मी कापावी लागली. गाडीचे कागद मिळवताना दत्ताचं पुरतं तेल निघालं होतं, ती कथा वेगळी, पण सगळं रीतसर होतं. तो चालवायला आणि शेजारी मी. मी त्या गाडीत कसा शिरलो ते विचारू नका. एकदा आत गेल्यावर मात्र, काय सांगू, वळणावर गाडी रस्ता सोडत नव्हती. तेलाच्या दाबाचा काटा जागचा हलत नव्हता. मी वाटभर त्या काट्याकडंच बघत होतो.

वस्तीचा फाटा आला. दत्तानं वेग उतरवला. माणसं रस्त्याच्या कडेला जमली होती, त्याची बायको सविता ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. आणि समोर गतिरोधकावर ओली पोती टाकलेली दिसली.

पोती कशावर टाकतात ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. ताज्या सिमेंटवर. ते भेगाळू नये म्हणून.

दत्तानं गाडी थांबवली. मी कसाबसा बाहेर आलो, पोतं उचललं. जुन्या गतिरोधकावर नवा कोरा थर चढला होता, दोन्ही अंगांनी एकसारखा, सुताला सूत. मी रस्त्यावर गाल टेकवून चेंबराखालून पलीकडं पाहिलं. पलीकडचं काहीच दिसेना. दोन बोटं कमी पडत होती. बरोबर तीच दोन, जी आम्ही इंजिनाला दिली होती.

मी उठलो आणि दत्ताकडं बघून मान हलवली. माणसं सुचवायला लागली. कुणी म्हणालं उचलून पलीकडं ठेवू, कुणी म्हणालं मातीची पोती लावू, कुणी घरात पहार आणायला पळालं. दत्तानं इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा मला बघवेना. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी घालवून हा माणूस स्वतःच्या दारात अडला होता, आणि अडवणारा त्याचा बाप होता.

तात्या अंगणातून काठी टेकत आले. "का रं थांबलास?"

"तात्या, ह्यो कवा वाडवला?"

"परवा."

"आवो, का पर?" दत्ताचा आवाज फुटला. "गाडी यिऊ ने म्हनून?"

तात्या जरा गोंधळले. "यिऊ ने म्हनून कशाला? तूच म्हनला न्हवं, इमान हाय म्हनून?"

"मग?"

"मग काय? एवड्या जोरात येनार म्हनल्याव जुना पुरतुय व्हय?"

"तात्या, मी हितं कशाला जोरात आनंन? घर हाय आपलं!"

"त्यो दुधाच्या गाडीवाला बी घरीच चालला हुता." तात्या थांबले. काठीच्या टोकानं त्यांनी ओलं सिमेंट चाचपलं. "तवा दुसऱ्याच्या गाड्या अडवाय बांदला. आता गाडी तुजीच हाय. तुला कोन अडवनार, बाबा?"

पहार घेऊन आलेला माणूस ती पाठीमागं लपवून उभा राहिला. दत्ता गाडीतून उतरला आणि त्या ओल्या पोत्यांवर, नव्या पँटनिशी, खाली बसला. रडत होता की हसत होता, मला नीट कळलं नाही. मी स्वतः चष्मा पुसत होतो.

तात्यांनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. "उट. कपडे खराब झालं. गाडी हिकडं येत न्हाय तर मी तिकडं येतो की. हाय काय त्यात?"

आणि ते गतिरोधक ओलांडून गाडीकडं निघाले.

आता धोतर नेसलेल्या, गुडघे आखडलेल्या माणसाला स्पोर्ट्स कारमध्ये बसवणं हे ड्राय संपपेक्षा अवघड काम आहे. आधी डोकं घातलं तर पाय बाहेर राहात होते, पाय घातले तर टोपी. शेवटी तिघांनी मिळून त्यांना उचललं आणि आत ठेवलं. आतून आवाज आला, "आरं, खाट तरी हिच्यापक्षा उंच असती!" सवितानं तिथंच रस्त्यावर वाकून दोघांना ओवाळलं. कॅनॉलच्या रस्त्यानं कन्हेरीपर्यंत एक चक्कर मारून येतो म्हणून बापलेक गेले.

आम्ही वाट बघत बसलो. चहा झाला, पुन्हा चहा झाला. सविताच्या हातची पुरणपोळी झाली. मला वेगळीच काळजी, कुठं गतिरोधकावर चढले असतील आणि माझ्या कोऱ्या चेंबरानं रस्त्यावर रेघ मारली असेल. दिवस कलला तेव्हा ते परतले. कन्हेरी म्हणून गेलेले इंदापूरला जाऊन आले होते, त्या होडीवाल्याला गाडी दाखवायला. तात्यांची टोपी कुठंतरी उडून गेली होती आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती.

त्यांना बाहेर काढायला पुन्हा तिघं लागले. उभे राहिल्याबरोबर त्यांनी मला हाक मारली. "नाना! वळनाला बी पोटातलं पानी हालत न्हाय वो!"

जे मी तुम्हाला परातीचा दाखला देऊन एक अख्खा परिच्छेद समजावलं ते तात्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. मी खाली वाकून चेंबराच्या तळावरून हात फिरवला. एक ओरखडा नव्हता.

तात्या मग स्वतःच म्हणाले, "उद्या ह्यो वरचा थर काडून टाकू." दत्तानं मान हलवली. "न्हाय तात्या. ऱ्हाऊ द्या." आणि तो थर राहिला. गतिरोधकाच्या अलीकडं, लिंबाच्या झाडाजवळ, गाडीसाठी एक छोटी शेड झाली. भाड्याच्या शेडमध्ये कधी पाऊल न टाकलेले तात्या आता रोज संध्याकाळी काठी टेकत आपला गतिरोधक ओलांडतात आणि तिथं जाऊन दत्ता मिरचीतून येईपर्यंत बसून राहतात.

मला मात्र या कामाचं एक दुःख राहिलं. फुटकं चेंबर सांधलं की माणूस कधी ना कधी परत येतोच. हे माझं सगळ्यात चांगलं काम, आणि ते गाडीच्या पोटाखाली असं दडलं की कुणाला दिसत नाही. फुटत नाही म्हणून परतही येत नाही. दुसऱ्यांची मात्र येतात. नव्या थरापासून तर जरा जास्तच येतात. मी यंदा फराळाचा डबा खरोखरच पाठवला.

तो डबा परत द्यायला म्हणून दत्ता गाडी घेऊन दुकानात आला. मी लगेच खाली वाकलो.

"चेंबराचं काम न्हाय नाना," तो म्हणाला. "तात्यांची शीट वर घ्यायची."

"का?"

"त्यांना खालनं नुसतं आभाळ दिसतं. म्हनत्यात, पोरगं कुटं चालीवतंय ते मला दिसाय पायजे."

"किती वर घ्यायची?"

त्यानं हाताची बोटं सीटला लावून दाखवली. मी त्याच्या हाताकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. वजन चार बोटं खाली जावं म्हणून माझ्याशी इतके दिवस भांडलेला हा माणूस.

"गाडीचा तोल थोडा बिघडेल," मी म्हटलं.

"बिगडू द्या," दत्ता म्हणाला आणि त्यानं सीट उचलून धरली. मी खाली लाकडाचे ठोकळे घातले, चार बोटं उंचीचे. प्लायवूडचा तो जुना गतिरोधक कोपऱ्यात पडला होता, त्यातूनच कापले.